काट्यावरचे अण्णा

आमच्या भागात माणसाची चौकशी गाव, आडनाव आणि ऊस किती एकर एवढ्यावर थांबत नाही. "नाद कशाचा?" हे विचारल्याशिवाय सोयरीक पुढं सरकत नाही. कुणाला शर्यतीच्या बैलांचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला तालमीचा. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्यांना मोटरसायकलच्या मागं पळवतात, आणि त्या दिवशी म्हशीचा मालक आमदारालाही ओळख देत नाही. या सगळ्या नादांना एक अट असते. जनावर मोठं तरी असावं, नाहीतर उंच तरी उडावं. जयसिंगपूरचे आमचे अण्णा दोन्ही अटींत बसत नाहीत. अण्णा कोंबड्या पाळतात, आणि त्या दरवर्षी आणखी लहान कशा होतील ते बघतात.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. हंगामात रात्रंदिवस ट्रॉल्या काट्यावर चढायच्या, टनांत आकडा पडायचा आणि खाली उभा असलेला शेतकरी खिडकीतून अण्णांकडं बघायचा. ती नजर अण्णा अजून विसरलेले नाहीत. काटामारीचा संशय हा आमच्याकडचा सगळ्यात जुना संशय. ऊस परिषदेत भाषण कितीही पडेल असो, काट्याचा विषय निघाला की टाळ्या हमखास. अण्णांनी आयुष्यात एका किलोचा फेरफार केला नाही आणि हे आयुष्यात कुणी मान्य केलं नाही. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा एका सभासदानं हार घालता घालता विचारलं म्हणे, "आता तरी सांगा अण्णा, किती मारत होता?"

आता अण्णांच्या पडवीत ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आहे. रविवारी सकाळी त्याच्यावर कोंबड्या चढतात. आधी रिकामा प्लॅस्टिकचा डबा, मग पक्षी घातलेला डबा, भरल्या वजनातून रिकामं वजन वजा. हिशेब कारखान्याचाच, फक्त टनाच्या जागी ग्रॅम. पक्षी हलला की आकडा हलतो, म्हणून अण्णा श्वास रोखून उभे राहतात, आणि पडवीतल्या सगळ्यांनी श्वास रोखावा अशी त्यांची अपेक्षा असते. मग कार्बन घातलेल्या वहीत नोंद. वरची प्रत अण्णांकडं, खालची खुराड्याच्या दाराला अडकवलेली. ज्याचं वजन झालं त्याला पावती मिळालीच पाहिजे, हे तत्त्व.

पक्षी चार प्रकारचे. पहिली सेरामा. मलेशियातल्या केलांतान राज्यातली ही जात, आणि जगातल्या सगळ्यात लहान कोंबड्यांत गणली जाते. नर अर्धा किलोच्या आत. छाती इतकी वर काढून उभा राहतो की डोकं मागं शेपटीला टेकायला येतं, शेपूट आभाळाकडं, पंख सरळ जमिनीकडं. मलेशियात त्याची परीक्षाही टेबलावर उभं करून घेतात. परीक्षक बघतो तो रुबाब, रंगाला फारशी किंमत नाही. अण्णांच्या सेरामा नराचं वजन चारशे दहा ग्रॅम आणि नाव चेअरमन. या नावामागं काही राजकारण नाही असं अण्णा सांगतात. पण त्याच्या भोवतीच्या कोंबड्यांना ते संचालक मंडळ म्हणतात आणि चेअरमन आरवला की त्या सगळ्या एकदम माना हलवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. हा चेअरमन केरळातून आला, रात्रीच्या स्लीपर बसच्या डिक्कीतून, भोकं पाडलेल्या खोक्यात. पहाटे हायवेला बस थांबायच्या आधीच त्यानं आतून बांग दिली आणि अर्धी बस आपलं गाव आलं समजून उठून बसली.

दुसरी सिल्की. हिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे पिसं केसांसारखी मोकळी सुटतात. कातडी काळी आणि पायाला चारच्या जागी पाच बोटं. ती अंडी घालण्यापेक्षा अंड्यांवर बसण्यात रमते. दर महिना-दीड महिन्यानं खुडूक. तिसरी चाबो, जपानी, आखूड पायांची, तिच्याविषयी पुढं सांगतो. चौथी सेब्राइट. पहिल्या तिघी अण्णांची आवड आहेत. सेब्राइट हे अण्णांचं दुखणं आहे.

अण्णांकडं येणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला: "अंडी किती देत्यात?" अण्णा सांगतात. सेरामाचं अंडं वीस-बावीस ग्रॅमचं. पाहुणा मनातल्या मनात ऑम्लेटचा हिशेब करतो आणि तो हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. दुसरा: "झुंजतात का?" खरं तर झुंजतात. बँटम कोंबडा आपल्या चौपट असील नरावर धावून जायला कमी करत नाही. मुष्टियुद्धातल्या हलक्या गटाला बँटमवेट म्हणतात ते उगीच नाही. पण अण्णा हे कबूल करत नाहीत, कारण पुढचा प्रश्न पैजेचा असतो. तिसरा प्रश्न विचारणारा खालच्या आवाजात विचारतो, "रस्सा कसा होतो?" त्यावर अण्णांच्या शेजाऱ्यानं एकदा परस्पर उत्तर दिलं होतं, "नुसता पाण्यातनं फिरवून घ्यायचा." अण्णा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते.

पण सगळ्यात वाईट चौथा. सिल्कीची पिसं फुंकून आतली काळी कातडी बघायची आणि ओळखल्याच्या आनंदात म्हणायचं, "म्हंजे कडकनाथच की!" २०१९ साली कडकनाथच्या नावावर आमच्या पट्ट्यातल्या किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते इथं पोराटोरांना माहीत आहे. त्यामुळे या वाक्यात अण्णांना दोन आरोप ऐकू येतात: एक, तुम्हाला कोंबडी कळत नाही, दोन, तुम्ही आम्हाला बुडवणार. "कडकनाथ झाबुव्याचा," अण्णा बोट वर करून सांगतात, "ही चीनची. काळं असलं म्हणून भाऊ लागत नाही." आणि मग पाहुण्याला बोटं मोजायला लावतात. पाच भरेपर्यंत त्याला चहा मिळत नाही.

माझ्यासारखा सवडीचा माणूस मिळाला तर मात्र चहाबरोबर इतिहास येतो. अण्णांचं इंग्रजी काट्यावरच्या फॉर्मपुरतं. पण इंग्लंडातल्या कोंबड्यांच्या मानकांचं एक पुस्तक त्यांनी कुठून तरी मिळवून झेरॉक्स करून घेतलं आहे, त्याला स्पायरल बाइंडिंग केलं आहे आणि शब्दकोश मांडीवर घेऊन त्याच्या समासांत पेन्सिलीनं मराठी भाष्य लिहिलं आहे. त्या पुस्तकाच्या जोरावर ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडविषयी चुलत्याच्या गावाविषयी बोलावं तसं बोलतात.

"तिकडं कोंबड्यांच्या झुंजीवर १८३५ साली कायद्यानं बंदी आली," अण्णा सांगतात. "आता झुंजीवाल्यांनी करायचं काय? घरी बसवंना. नाद तर जाईना. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तोवर कोण कुणाला मारतो ते बघायचे, तिथनं पुढं कोण कसा दिसतो ते बघाय लागले." मग व्हिक्टोरिया राणीच्या पोल्ट्रीचं वर्णन येतं, त्यात आशियातून आलेल्या धिप्पाड कोंबड्या येतात, त्यांच्या किमतींवरून इंग्लंडातले शहाणे लोक कसे येडे झाले ते येतं. १८६५ साली टेगेटमायर नावाच्या गृहस्थानं पहिलं मानक छापलं, कुठल्या जातीचा तुरा कसा, पाय कुठल्या रंगाचा, हे लिहून. या टेगेटमायरची डार्विनशी पत्रापत्री होती. डार्विनला उत्क्रांती पटली ती कबुतरं आणि कोंबड्या पाळणाऱ्या लोकांमुळे, असं अण्णांचं मत आहे. मला ते थोडं ताणलेलं वाटतं, पण फार नाही.

या सगळ्यांच्या आधीचे आणि वरचे म्हणजे सर जॉन सेब्राइट. पार्लमेंटचे सभासद, सरंजामदार, आणि कित्येक वर्षं एकच ध्यास: इवल्याशा कोंबडीच्या एकूण एक पिसाला काळा काठ आला पाहिजे. फक्त छातीच्या नव्हे. पंखाच्या, पाठीच्या, शेपटीच्यासुद्धा. आला. १८१०च्या सुमाराला त्यांनी या एकाच जातीचा क्लब काढला आणि सभासद मंडळी दर फेब्रुवारीत लंडनच्या ग्रेज इन कॉफी हाऊसमध्ये आपापले पक्षी घेऊन जमू लागली. सेब्राइट म्हणायचे की हवं ते पीस मी तीन वर्षांत आणीन, पण डोकं आणि चोच जमवायला सहा लागतील. ते कबुतरांविषयी म्हणाले होते, पण अण्णांनी ते स्वतःवर घेतलं आहे. "मला पिसाचंच जमंना," असं म्हणून ते सुस्कारा टाकतात आणि कप खाली ठेवतात.

सेब्राइटच्या नराची आणखी एक गंमत आहे, ती अण्णा बायकामाणसं आत गेल्यावर सांगतात. बाकी जातींत कोंबड्याच्या मानेला लांब टोकदार पिसं, शेपटीला कमानदार तुर्रे. सेब्राइटचा कोंबडा मात्र पिसांनी थेट कोंबडी. अमेरिकेत मॉर्गन नावाचा शास्त्रज्ञ, ज्याला माश्यांवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळालं, त्यानं हे कोडं सोडवायला सेब्राइटचे कोंबडे खच्ची केले. त्यांची जुनी पिसं झडली आणि नवी आली ती लांब, टोकदार, अस्सल नराची. म्हणजे नर होता तोवर मादीसारखा दिसायचा आणि नर राहिला नाही तेव्हा नरासारखा दिसू लागला. अण्णा इथं थांबतात, कट्ट्यावरच्या प्रत्येकाकडं एकदा बघतात, आणि म्हणतात, "आपल्या संचालकांत बी असं हाय."

तर अण्णांचं दुखणं. पिसाचा काठ सगळीकडून सारख्या रुंदीचा हवा, हा नियम. निसर्ग त्याला तयार नाही. कुठं टोकाला काळं जास्त होतं आणि बाजूला पुसट, म्हणजे काठाची चंद्रकोर होते. कुठं पांढऱ्यावर काळे ठिपके उतरतात. शिवाय जात मुळात लहान कुळाची, सारखी आपापसांत जोडलेली. बरीच अंडी फळतच नाहीत आणि फळली ती सगळी फुटत नाहीत. अण्णा एका हंगामात मोठ्या मिनतवारीनं जी पिल्लं वाढवतात, त्यांना सहा महिन्यांनी उन्हात पंख उलगडून बघतात, भिंग लावून. मग भिंग खिशात टाकतात. "चांगलं हाय," म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्यावरून कळतं की हे पिल्लू कुणाला तरी फुकट जाणार आहे.

मी त्यांना इतकी वर्षं बघतो आहे, माझं मत असं झालं आहे की अण्णांचं अंगणातल्या कोंबड्यांवर प्रेम नाही. ते त्यांची सेवा करतात ते खरं; मानमोडीची लस चुकत नाही, पावसाळ्यात रक्ती हगवणीच्या धास्तीनं रोज तूस बदलतात, बाजरी आणि कणी निवडून घालतात. पण जिच्यावर त्यांचा जीव आहे ती कोंबडी त्या झेरॉक्स पुस्तकात राहते. तिच्या प्रत्येक पिसाला सारखा काठ आहे, वजन बरोबर आहे, आणि तिनं अजून अंड्यातून बाहेर यायचं आहे. अंगणातल्या सगळ्या तिच्यात बसत नाहीत म्हणून नापास झालेल्या उमेदवार. कोंबड्यांना अर्थातच हे माहीत नाही. भिंगाखालून सुटल्या की त्या थेट उकिरड्यावर जातात आणि ज्या पायांचे खवले अण्णांनी टूथब्रशनं घासलेले असतात त्याच पायांनी शेण उकरतात.

हा डोळा एकदा लागला की तो फक्त कोंबड्यांपुरता राहत नाही. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा वडीलधारे म्हणून अण्णांना बोलावलं होतं. मुलगा शिकलेला, पुण्याला नोकरी, बोलायला मोकळा. पाहुणे गेल्यावर सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "मान आखूड हाय. छाती बरी. पण उठताना डावा पाय मागं ऱ्हातो. प्रदर्शनाला नाही चालायचा, घरात ठेवायला चांगला हाय." लग्न झालं. जावई खरंच घरात ठेवायला चांगला निघाला. मात्र अण्णा समोर आले की तो अजून डावा पाय आधी टाकतो.

आता चाबो. हिचे पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला घासतं आणि मागं शेपूट डोक्यापेक्षा उंच. हे आखूड पाय देणारं जनुक एकच असेल तर काम होतं. आईचं एक आणि बापाचं एक अशी दोन आली तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे आखूड नर आणि आखूड मादी जोडली, तर हिशेबानं चार अंड्यांत एक मेलेलं, दोन आखूड, एक उंच. अण्णांनी सुरुवातीला हे कारखान्याच्या पद्धतीनं घेतलं, मोळीच्या बांधणीची वजावट असते तशी पंचवीस टक्के तूट. पण तूट म्हटलं की अण्णांना झोप लागत नाही. एका रात्री उठून त्यांनी पाटीवर आकडेमोड केली आणि पहाटे मला उठवलं.

"मास्तर, आखूड-उंच जोडी लावली तर चारात दोन आखूड, दोन उंच. एकबी मरत नाही. आखूड तितकीच येत्यात! मग त्या एकाला मारायचं कशापायी?"

गणित बिनचूक होतं. तेव्हापासून अण्णा आखूड-उंच जोडी लावतात, अंड्यात कुणी मरत नाही, आणि अंगण उंच पायांच्या चाबोंनी भरलं आहे. उंच चाबो प्रदर्शनात चालत नाही, गिऱ्हाईक घेत नाही, आणि घरात कुणी कापत नाही. अण्णा चिकन खातात, पण हॉटेलात, अनोळखी.

उबवणीचं यंत्र अण्णांनी स्वतः केलं आहे: थर्माकोलचा खोका, दोन बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. साडेसदतीस अंशांच्या वर-खाली झालेलं अण्णांना चालत नाही. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही. आणि नेमकी अठराव्या रात्री वीज गेली. इन्व्हर्टर आधीच दुरुस्तीला. अण्णांनी वीज कार्यालयात फोन लावला.

"लाइनमन पाठवा, अर्जंट हाय. आत एकोणीस जण अडकल्यात."

"लिफ्टमध्ये?"

"अंड्यात."

पलीकडं जरा वेळ शांतता होती. पण लाइनमन आला, बहुधा बघायलाच आला. तोपर्यंत काकूंनी गरम पाण्याच्या पिशव्या खोक्याच्या चारी बाजूंनी लावून वर गोधडी घातली होती आणि त्या त्या गोधडीशेजारी पंखा घेऊन बसल्या होत्या, स्वतःला वारा घालत. तेरा पिल्लं निघाली. लाइनमन आता मीटरचं काम असो-नसो, दारात थांबून विचारतो, "आमची कशी हाईत?"

काकूंविषयी लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्यांच्या स्वतःच्या सहा गावठी कोंबड्या मागच्या दारी डालग्याखाली असतात. त्यांना पावती नाही, लस अण्णांच्या उरलेल्या बाटलीतली, नावं नाहीत. त्यांची अंडी पंधरा रुपयाला एक अशी गल्लीत जातात, आणि त्या पैशात अण्णांच्या कोंबड्यांचं खाद्य येतं. सेब्राइटनं अंडी टाकून दिली की गावठीच्या रवणाखाली सरकवली जातात आणि ती थोराड कोंबडी आपल्या पोटाखालून निघालेल्या काठाच्या पिल्लांना कीटक कसा पकडायचा ते शिकवत अंगणभर हिंडते. अण्णा या व्यवहाराविषयी बोलत नाहीत. काकूही नाहीत, एकदाच मला म्हणाल्या, "ह्यांच्या कोंबड्या दाखवायच्या, माझ्या खायच्या. घर दोन्हीनं चालतंय."

गेल्या थंडीत जवळच्या तालुक्याला कृषी प्रदर्शन होतं आणि सेब्राइटचा एक नर अण्णांच्या मते नेण्यासारखा झाला होता. सहाशे वीस ग्रॅम. महिनाभर आधीपासून त्याला तारेच्या पिंजऱ्यात उभं राहायची सवय लावली. परीक्षक काठीनं छाती वर करायला लावतो, ते अंगवळणी पडावं म्हणून अण्णा जुन्या रेडिओची एरियल बाहेर काढून रोज त्याला हलकेच टोचत. दोन दिवस आधी आंघोळ. आदल्या दिवशी घातली तर पिसांचं तेल परत यायला वेळ मिळत नाही.

ती आंघोळ बघायला मी मुद्दाम गेलो. तीन घमेली मांडलेली. पहिल्यात कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू, दुसऱ्यात चमचाभर व्हिनेगर, तिसऱ्यात नुसतं स्वच्छ पाणी. अण्णांनी डावा तळवा छातीखाली दिला, दोन्ही पाय बोटांच्या फटीत धरले आणि पक्षी मानेपर्यंत पाण्यात उतरवला. तो आधी फडफडला. मग ऊब लागली तसा सैल पडला. फेस नेहमी पिसाच्या मुळाकडून टोकाकडं, उलटा कधीच नाही, नाहीतर पीस मोडतं. नखांतली घाण टूथपिकनं काढली, पायाचे खवले टूथब्रशनं. टॉवेलात गुंडाळून सुनेचं हेअर ड्रायर लावलं, मंद ठेवून. तेव्हा त्या पक्ष्यानं डोळे मिटले. कोंबडीची पापणी खालून वर मिटते, त्यामुळे तो झोपला की नाटक करतोय ते कळेना. शेवटी तुऱ्याला बोटभर व्हॅसलीन. सून दारात उभी होती. "बाबांनी माझ्या लग्नात केसांना पाणीसुद्धा लावलं नव्हतं," ती म्हणाली. अण्णांना ड्रायरच्या आवाजात ऐकू आलं नाही, किंवा आलं.

प्रदर्शनाच्या फॉर्मवर कोंबड्यांचे दोन गट होते: अंड्यांच्या आणि मांसाच्या. अण्णांनी फॉर्म तीनदा वाचला आणि "इतर" वर खूण केली. इतरमध्ये दोन ससे, एक टर्की आणि एका हौशी माणसाची बदकं. परीक्षक म्हणून तरुण पशुधन अधिकारी, बिचारा सकाळपासून म्हशींची कास मोजून थकलेला. त्यानं आदरानं विचारलं, "वर्षाला अंडी किती?"

"ह्याची मादी साठ-सत्तर. चांगलं वर्ष असंल तर."

"वजन?"

"सहाशे वीस."

"किती दिवसांत?"

"दोन वर्षांत."

त्याचं पेन थांबलं. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलो होतो हे शिकून आलेला माणूस तो. त्यानं पक्ष्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. पिंजऱ्यातला नर एरियलच्या सवयीनं पेन बघून छाती काढून उभा राहिला, प्रत्येक पीस सकाळच्या उन्हात वेगळं दिसत होतं. गर्दीतली पोरं गप्प झाली. एक बाई म्हणाली, "अगं, इरकलीचे काठ!" अधिकाऱ्यानं अंड्यांचा रकाना मोकळा सोडला आणि इतर गटात पहिला नंबर दिला. बक्षीस: प्रमाणपत्र आणि पाठीवरचा फवारणी पंप.

घरी येताना रिक्षात अण्णा पंप मांडीवर घेऊन बसले होते, आणि मला वाटलं माणूस एकदाचा खूश आहे. संध्याकाळी गेलो तर पडवीत भिंग, नर उताणा, उजवा पंख उलगडलेला. पंखाच्या आतल्या बाजूला, एरवी कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एका पिसाला काठाऐवजी चंद्रकोर होती.

"हे त्यानं बघितलंच नाही," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते प्रदर्शनाच्या कार्यालयात हरकत नोंदवायला गेले. सोबत मी होतो, काकूंनी पाठवलं होतं म्हणून. कारकुनानं छापील अर्ज पुढं केला.

"हरकत कुणाच्या नंबरावर?"

"पहिल्या."

"विजेत्याचं नाव?"

अण्णांनी स्वतःचं नाव सांगितलं.

"आणि हरकतदाराचं?"

अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं. कारकुनानं पेनचं टोपण लावलं. "काका, तुम्हाला दुसरा नंबर पाहिजे काय?"

"नंबर सशाला द्या, टर्कीला द्या. पंखाखाली खोट हाय. ती न बघता नंबर दिला म्हंजे काटा मारला. माझ्या बाजूनं मारला म्हणून तो बरोबर होत नाही."

आतून कुणीतरी हसलं. अण्णा हसणाऱ्याच्या दिशेला वळले, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला: "काट्यावर होतो मी. एक किलो इकडचं तिकडं केलेलं नाही!" कार्यालयात त्या वेळी ऊसवाले चार शेतकरी अनुदानाच्या रांगेत होते. त्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "अर्ज घ्या त्यांचा." अर्ज घेतला गेला, शिक्का मारून पोच मिळाली. ती पोच अण्णांनी सेब्राइटच्या खुराड्याच्या दाराला अडकवली आहे.

पंप परत करायचा अण्णांचा विचार होता, पण काकूंनी तोपर्यंत त्यानं भेंडी फवारली होती.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं, टपालानं, जावक क्रमांकासह. आपला अर्ज विचाराधीन असून, निर्णय घेण्यास सुलभ जावे म्हणून सदर पक्ष्याच्या वार्षिक अंडी उत्पादनाचा तपशील पंधरा दिवसांत सादर करावा. सदर पक्षी नर आहे. अण्णा उत्तराचा मसुदा करायला बसले आहेत. मॉर्गनपर्यंत आले आहेत, तिसरं पान चालू आहे.